स्वच्छ पंखांची माशी

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार शेवटी लिहायचा म्हटलं की दर वेळी राहून जातो, म्हणून आज पहिल्याच ओळीत उरकते. काम आहे, आणि ते तुझ्याच खात्यातलं आहे. माशीचं.

स्ट्रॉबेरीचे दोन्ही बोगदे आता भरात आलेत. बोगदे म्हणजे प्लॅस्टिकच्या कमानी गं. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, विमा कचेरी सोडून मी रेल्वेत लागले का. लोकांचे दावे तपासायचं सोडून मातीत हात घातला, त्याला हा पहिलाच मोसम. फळ असं धरलंय की सकाळी आत शिरलं की माझं मलाच खरं वाटत नाही.

पण काही दिवसांपासून फळांवर बारीक माशा दिसताहेत. मोहरीच्या दाण्याहून जराशा मोठ्या, अंग पिवळट, डोळे लाल. आमचं पॅकिंग शेड सामाईक आहे. आसपासचे सगळे बागवाले तिथंच फळ आणतात, एकाच टेबलावर निवडतात, एकाच थंड खोलीत ठेवतात. त्यामुळे नियम कडक आहे. बागेत नवा किडा दिसला की आधी त्याचं नाव सांगायचं. चांगल्या फळात अंडी घालणारी एक माशी म्हणे पलीकडच्या भागात आलीय. इथं ती अजून कुणी पाहिलेली नाही. ती निघाली तर त्या बागेचं फळ शेडच्या उंबऱ्याच्या आतही घ्यायचं नाही. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुझी माशी कोणती ते जाणत्या माणसाकडून लिहून आण, मग बघू."

मी तिथं सगळ्यांत नवीन. शेड मला बंद झालं तर माझा पहिला मोसम बोगद्यातच सडणार, आणि बाबा "मी सांगत होतो" म्हणायला तयारच बसलेत. त्यांचं ते वाक्य मला ऐकायचं नाही आत्या, काहीही झालं तरी.

सोबत दोन फोटो आहेत. माशा बरणीत धरल्या, थंड खोलीत ठेवून सुस्त केल्या आणि फोनला भिंग लावून फोटो काढले. माझ्या लहानपणी तू शिकवलं होतंस तशी शेजारी पट्टी ठेवली आहे. फोनवरचा फोटो तुला चालत नाही, म्हणून कागदावर छापून आणले, माझ्या लग्नाचे फोटो काढले होते त्याच स्टुडिओतून. स्टुडिओवाल्यानं तुझी आठवण काढली.

तू सांगशील तेच नाव मी शेडमध्ये सांगणार.

तुझी भिंगरी

१३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

चहा गाळता गाळता पाकीट फोडलं, फोटो पाहिले, आणि कपात साखर पडायच्या आत उत्तर तयार होतं. साधं चिलट आहे. उकिरड्यावर, सडक्या फळावर, व्हिनेगरच्या बाटलीभोवती घोंघावतं तेच. चांगल्या फळाला ते तोंड लावत नाही. कुजायला लागलेलं, फुटलेलं फळ मिळालं की तिथं संसार मांडतं.

निवृत्त झालेली माणसं माशा मारत बसतात असं तुझे बाबा मला चिडवायचे. मी ते आयुष्यभर केलं, संग्रहालयाचा पगार घेऊन, टाचण्या आणि चिठ्ठ्या लावून. तेव्हा शेडमध्ये बिनधास्त सांग. पंख स्वच्छ, माशी साधी, काळजी नसावी. वाटल्यास हे पत्रच दाखव. लिहून देते.

फोटो मात्र झकास काढलेस. माझ्या हाताखाली शिकायला येणारी मुलं फोटो आणायची, त्यात माशी कमी आणि कचरा जास्त असायचा. तुझ्या फोटोत कसं सगळं स्वच्छ, पंख तर धुऊन वाळत घातल्यासारखे. फोनवर फोटो बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं, हे मी उगाच म्हणत नाही.

लग्नावरून आठवलं. त्या स्टुडिओवाल्याला माझा नमस्कार सांग. तुझ्या लग्नातला माझा फोटो अजून बाहेरच्या खोलीत टेलिफोनच्या वर लावलेला आहे. मी आरशातसुद्धा इतकी चांगली दिसत नाही. शिवाय तो पुरावा आहे. त्या दिवशी तुझी आई, तुझे बाबा, अगदी जावईबापूसुद्धा डोळे पुसत होते. एकटी मी कोरडी ठणठणीत उभी होते, आणि ते भिंतीवर सगळ्यांना दिसतं.

खाली पडलेली फळं रोज उचल. बाकी मजेत राहा.

तुझी आत्या

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र शेडच्या फळ्यावर झळकतंय. अध्यक्षबाईंनी स्वतः टाचणी मारली. येणारा-जाणारा थांबून वाचतो, आणि "कपात साखर पडायच्या आत" ही तुझी ओळ इतकी गाजलीय की आता कुणालाही काही विचारलं, की किती वेळ लागेल, तर तेच उत्तर मिळतं.

मजा म्हणजे, पत्र लागल्यावर आणखी तिघा-चौघांनी कबूल केलं की त्यांच्याकडेही अशाच माशा आहेत. भीतीनं बोलले नव्हते. एकजण घाईनं सगळं फळ काढून टाकणार होता, तो आता आणखी लाल होऊ द्यायचं म्हणून थांबलाय. तुझ्या एका पत्रानं सगळं शेड निवांत झालं. मला तर परवा दोघींनी चहाला थांबवून घेतलं. आतापर्यंत मी म्हणजे "ती कचेरीवाली" होते.

एक बारीकसं विचारायचं होतं. काही फळं दिसायला उत्तम असतात, पण हातात घेतली की आतून मऊ लागतात. सालीवर सुई टोचल्यासारखं भोक असतं. मी नवखी आहे, माझंच काहीतरी चुकत असणार. तुला काय वाटतं?

भिंगरी

२५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझंच चुकतंय. पाणी. झाडाला पाणी जास्त झालं की फळ आतून पाणचट होतं. तू लहानपणी माझ्या कुंड्यांना पाणी घालायचीस तेव्हा निवडुंगसुद्धा कुजून गेला होता, विसरलीस का? नळी अर्धी बंद कर. सुईच्या भोकाचं म्हणशील तर ते तुझं नख असेल, नाहीतर गोगलगाय.

माशीचा विचार डोक्यातून काढून टाक. ती बिचारी निर्दोष आहे. माझ्या शब्दावर शेड निवांत झालं हे वाचून बरं वाटलं. संग्रहालय सोडल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. विचारलं तर गुडघ्याचं विचारतात.

आत्या

७ मार्च

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. पाणी कमी केलं. इथं सगळं ठीक आहे. काम फार आहे म्हणून आटोपतं घेते. तब्येतीला जप.

भिंगरी

१२ मार्च

प्रिय भिंगरी,

काल फोनवर मी जे ओरडून सांगितलं ते आता शांतपणे लिहिते, कारण तू नुसतं "हं, हं" करत होतीस, आणि शेवटी "आहे" एवढं म्हणून फोन ठेवलास.

तुझं चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मला आधी रागच आला. म्हटलं, निवडुंगाचं बोलले म्हणून बाईसाहेब रुसल्या. मीही ठरवलं, आठ-पंधरा दिवस लिहायचंच नाही. मग दादाचा फोन आला. तुझे बाबा इकडचं तिकडचं बोलले आणि हळूच म्हणाले, "पोरीचे क्रेट दुकानदारांनी परत पाठवले. आतून अळ्या निघाल्या. शेडवाल्यांनी तिला तूर्त फळ घरीच ठेवायला सांगितलंय. तुला काही बोलली नाही का?" "मी सांगत होतो" हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. आवाज पार उतरलेला होता.

मी ऐकत उभी होते. विचारात पडले की माझं बोट हनुवटीवरच्या तिळाशी जातं, तू लहानपणी नक्कल करायचीस ती. समोर भिंतीवर तुझ्या लग्नातला फोटो. बोट तिळावर, नजर फोटोवर. आणि माझ्या लक्षात आलं की फोटोतल्या बाईच्या हनुवटीवर तीळच नाही.

इतकी वर्षं तो फोटो मी रोज बघतेय. छान दिसते म्हणून खूश होते, का छान दिसते हे कधी पाहिलं नाही. त्या भल्या माणसानं माझा तीळ पुसून टाकला होता. दादाला "ठेव" म्हटलं आणि तुझे माशीचे फोटो काढून भिंगाखाली धरले. पंख स्वच्छ, ते मी आधीच पाहिलं होतं. आता पाठ पाहिली. पाठीवर एकही केस नाही. भिंगरी, माशीच्या पाठीवर राठ केस असतात, ओळीनं, मोजून घ्यावेत असे. उभ्या हयातीत मी टकली माशी पाहिलेली नाही, आणि ही माझ्या हातात महिनाभर होती.

माशी शिंकली ती इथं. जी वाईट माशी पलीकडच्या भागात आली म्हणतात, तिचा नर साध्या चिलटासारखाच दिसतो. फरक एकच, त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकाशी एकेक काळा ठिपका असतो. स्टुडिओवाल्यानं नवरीच्या गालावरचे डाग काढावेत तसे ते ठिपके काढले असणार. काल मी तुला फोनमधला मूळ फोटो उघडायला लावला तो याचसाठी. तू "आहे" म्हणालीस. म्हणजे तीच. मादीला ठिपका नसतो, पण शेपटाशी करवत असते. त्या करवतीनं ती चांगलं फळ चिरते आणि आत अंडं घालते. तुझं सुईचं भोक ते. पाण्याचा काही संबंध नव्हता. तुझ्या नखाचा तर नव्हताच.

आता काय करायचं ते. पिकलेलं, अर्धवट पिकलेलं, पडलेलं, सगळं फळ काढ. फेकू नकोस, पुरू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेव, आतल्या अळ्या उकडून मरतील. बोगद्यांच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लाव. पुढचं फळ लाल व्हायला लागलं की लगेच काढ, आणखी एक दिवस थांबायचा मोह नको. दर खेपेला मूठभर फळं मिठाच्या पाण्यात टाकून बघ. आत अळी असेल तर थोड्या वेळानं बाहेर येते. सापळ्याला बरणीत व्हिनेगर.

सोबत शेडसाठी एक कागद आहे. माझं पहिलं पत्र फळ्यावरून काढू नकोस. त्याच्या शेजारी हे लाव.

आत्या

(शेडच्या फळ्यासाठी)

मागच्या पत्रात मी माशी साधी असल्याचं लिहून दिलं होतं. ते चूक आहे. ती चांगल्या फळात अंडी घालणारी माशी आहे. चूक फोटो पाठवणाऱ्या मुलीची नाही, माझी आहे. प्रत्येकानं बरणीत माशा धरून पंख बघावेत. टोकाशी काळा ठिपका दिसला तर ती तुमच्याकडेही आहे. लाज वाटून घेऊ नये, फळं काढावीत.

२० मार्च

प्रिय आत्या,

आज सविस्तर लिहिते. आधी राग लिहून टाकते, मग बाकीचं.

मी तुझ्यावर चिडले होते. तू चुकलीस म्हणून नाही, माणूस चुकतो. ठिपका मी पाहिला होता आत्या. दुसऱ्यांदा तुला लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी माशांची बरणी उजेडात धरली होती. दोन-तीन माशांच्या पंखांवर काळं काहीतरी होतं, अगदी सारख्या जागी. पण तू लिहिलं होतंस, पंख स्वच्छ. मग मला वाटलं, वाफ्यावर अंथरलेल्या गवताची धूळ असेल. माझ्या डोळ्यांना दिसलेलं मी तुझ्या पत्रासाठी पुसून टाकलं. स्टुडिओवाल्याला काय बोलणार, मी तेच केलं. आणि तू फोनवर विचारलंस तेव्हा हे सगळं एकदम कळलं, म्हणून "आहे" म्हणून ठेवून दिला. रडू येत होतं.

आता शेडचं. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना बोलावलं. मी तुझा कागद वाचायला उभी राहिले. वाचता वाचता "चूक फोटो पाठवणाऱ्या मुलीची नाही" या ओळीशी आले आणि ती ओळ गाळली. तू लिहिलीस तुझ्या मनानं, पण मला ती तुझ्या पदराआड उभी राहून वाचायची नव्हती. त्याऐवजी मी बरणीतला ठिपका मला दिसला होता हे सांगितलं.

ज्यानं फळ आणखी लाल होण्यासाठी थांबवलं होतं तो खवळला. त्याचा अर्धा वाफा गेलाय, त्याला बोलायचा हक्क होता. "तुझ्या आत्याच्या चहात आम्ही बुडालो," म्हणाला. मी ऐकून घेतलं. मग बरणी टेबलावर ठेवली, भिंग दिलं आणि त्यालाच आधी बघायला लावलं. तो बराच वेळ वाकून राहिला. मग घरी गेला आणि स्वतःची बरणी घेऊन आला. त्याच्यातही ठिपके. मग एकेकजण आणायला लागला. संध्याकाळपर्यंत टेबलावर बरण्यांची रांग लागली आणि जवळजवळ सगळ्यांत ठिपके निघाले. माशी माझ्याकडून पसरली नव्हती, ती सगळीकडे आधीपासून होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मिठाच्या पाण्यात जोवर अळी निघते तोवर कुणाचंच फळ आत येणार नाही. माझंसुद्धा." त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे एकमेकांच्या बागांत फळं काढायला लागलो. माझे दोन्ही बोगदे रिकामे झालेत. शेडच्या भिंतीशी उन्हात पिशव्या रचल्यात, आत लाल लगदा. ते बघवत नाही. जाळी मात्र लागली. बाबांनी लावली, शिडीवर चढून. ते वाक्य अजून बोललेले नाहीत.

आता नवीन फळ धरतं की नाही हे बघायचं. मला वाटतं धरेल.

भिंगरी

२६ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझा राग बरोबर आहे, आणि तू तो लिहिलास हे त्याहून बरोबर. ती ओळ गाळलीस हेही.

मी माफीची लांबण लावणार नाही, मला ती जमत नाही. पण काय चुकलं ते सांगते, कारण ते मला नीट कळलंय. फोटोत गडबड होती हे खरं, पण ती पकडायला पाठीवर एक नजर पुरली असती, आणि मी साखर पडायच्या आत उत्तर द्यायच्या तोऱ्यात होते. आणि त्याहून मोठं म्हणजे, मी तुला निकाल दिला, तो कशावरून दिला ते सांगितलं नाही. "पंखावर काळा ठिपका असेल तर सावध" एवढी एक ओळ पहिल्या पत्रात लिहिली असती, तर बरणी उजेडात धरलीस तेव्हाच काम झालं असतं. जाणत्या माणसाला आपल्या शब्दावर जग निवांत झालेलं फार आवडतं बघ. मला तर फारच आवडलं होतं.

म्हणून यापुढे असं. आधी तुझा डोळा, मग माझा शब्द. दोन्ही जुळले नाहीत तर माझा शब्द चुकीचा धरून चालायचं आणि मला भांडायला बोलवायचं.

सोबत माझं जुनं भिंग पाठवतेय, पितळी चौकटीचं. संग्रहालयात माझ्या गळ्यात असायचं ते. हे तुझ्याकडे असू दे, माझ्याकडे दुसरं आहे. (खोटं बोलणार नाही, दुसरं नाही. पण मला आता ते रोज लागत नाही, आणि तुला लागणार आहे.)

एक काम कर. त्या स्टुडिओवाल्याकडे माझ्या त्या फोटोची मूळ, न सावरलेली प्रत असेल तर छापून पाठव. मला माझा तीळ परत हवाय.

फळ धरेल. हे मात्र मी साखरेचा डबा बंद ठेवून, विचार करून सांगतेय.

आत्या

१८ एप्रिल

प्रिय आत्या,

फळ धरलं.

पहिल्या बहराएवढं नाही, पण घट्ट, लहान आणि इतकं गोड की पहिलं फळ मी एकटीनं बोगद्यात उभी राहून खाल्लं आणि कुणाला सांगितलं नाही. मिठाच्या पाण्याची परीक्षा अध्यक्षबाईंनी स्वतः घेतली. वाडग्याभोवती आम्ही सगळे ताटकळत उभे. एकही अळी निघाली नाही. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आण तुझे क्रेट." एवढंच. पण माझे क्रेट सगळ्यांत आधी आत गेले. मोसमाचा उरलेला अर्धा भाग तरी माझा आहे.

अर्धा वाफा गेलेला तो बागवाला आता दर आठवड्याला त्याची बरणी घेऊन माझ्याकडे येतो. म्हणतो, तूच बघ, माझे डोळे अधू आहेत. डोळे काही अधू नाहीत त्याचे. पण मी बघते, भिंग त्याच्या हातात देते आणि त्यालाच ठिपके मोजायला लावते. तुझी दोन्ही पत्रं फळ्यावर शेजारीशेजारी आहेत. नवीन कुणी आलं की आधी पहिलं वाचून मान डोलावतो, मग दुसरं वाचतो, आणि भिंग मागतो. शेडमध्ये याची मजा वाटते सगळ्यांना.

बाबा रोज बोगद्यात येतात. परवा पाहुण्यांना सांगत होते, "मी सांगत होतो, पोरगी करून दाखवेल." घे. वाक्य शेवटी बोललेच.

स्टुडिओवाला भेटला. बिचारा खरंच ओशाळला. "ताई, इतक्या सुंदर पंखांवर धूळ बसलेली बघवली नाही हो," म्हणाला. "अंगावरचे केसही जरा विरळ केले होते." मी त्याला भिंगातून खरी माशी दाखवली. बघून म्हणाला, ठिपक्यांमुळेच तर देखणी आहे. आता आमचे फोटो जसेच्या तसे छापून देतो, आणि पाकिटावर लिहितो, हात लावलेला नाही.

तुझ्या फोटोची मूळ प्रत सापडली. सोबत पाठवलीय. दोन काढल्या, एक मी ठेवून घेतली.

भिंगरी

२४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

फोटो मिळाला. तीळ जागेवर आहे. जुन्या फोटोची चौकट होती, त्यातच हा बसवला. शेजारीण म्हणाली, आता तुम्ही तुमच्यासारख्या दिसता. तिला दोन जास्तीची बिस्किटं दिली.

आणि गंमत बघ. माझ्या हातात जो फुलांचा गुच्छ आहे त्यात पांढऱ्या फुलावर एक बारीक माशी बसलेली आहे. त्या गृहस्थानं तीही पुसून टाकली होती. मी भिंगाशिवाय जेवढं दिसलं तेवढं पाहिलं आणि गप्प बसले. ही ओळखायचं काम तुझं. तुझ्याकडे प्रत आहे, भिंग आहे, डोळा आहे. कोणती माशी ते सांग. घाई नाही, चहा झाल्यावर सांगितलंस तरी चालेल.

तुझ्या बाबांच्या वाक्यावर मी एकटीच मोठ्यानं हसले.

आत्या

३० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझ्या परीक्षेचं उत्तर. माशीचा एकच पंख दिसतो, त्याचंही टोक पाकळीआड गेलंय. ठिपका असेल किंवा नसेल. पाठ उजेडात उजळून पांढरी झालीय, त्यामुळे केसांचंही काही बोलता येत नाही. शेजारी पट्टी नाही. म्हणून माझं उत्तर असं, की या फोटोवरून ही माशी ओळखता येत नाही. आणखी जोर दिलास तरी मी नाव सांगणार नाही.

पण भिंग हातात होतंच, म्हणून बाकीचा फोटोही पाहिला. तुझ्या डाव्या डोळ्याखालून एक ओली रेघ निघते आणि गालावरून थेट तिळापर्यंत येते. उजव्या गालावर दुसरी आहे, जरा आखूड, कारण ती तू मधेच पुसलेली दिसते. धूळ असेल का, तेही तपासलं. साडीवर, फुलांवर कुठंच तसं नाही, म्हणजे काचेवरचा डाग नव्हे. दुसऱ्या हातातला रुमाल मुठीत लपवलेला आहे, पण एक कोपरा बाहेर राहिलाय, आणि तो ओला आहे.

तू माझ्या लग्नात रडत होतीस, आत्या. ओळख पक्की आहे. लिहून देते.

तुझी भिंगरी